पान कुणाचं? जॅक कर्बी आणि माझी ४७ नंबरची प्रिंट

आजचा भाग माझ्या फजितीपासून सुरू होतो.

गेल्या दिवाळीत बोनस आला आणि मी एक प्रिंट मागवली. ऑनलाइन, एका विक्रेत्याकडून. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, कारण ते दुकान आता गायब आहे. ‘लिमिटेड एडिशन’ म्हणे. खालच्या कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिल्यासारखं ४७/२५०, आणि त्याच्या शेजारी सही: जॅक कर्बी. किंमत ३,८०० रुपये. चित्र कशाचं, तर ब्रह्मदेवाच्या महालाचं. पण आपल्या कॅलेंडरवरचा, कमळावर बसलेला ब्रह्मदेव डोळ्यासमोर आणू नका. हे म्हणजे एखादं देऊळ आणि एखादं रॉकेट स्टेशन यांचं लग्न लावून दिल्यासारखं. अमेरिकेतल्या कॉमिक बुकवाल्याने ब्रह्मदेव का काढला, हे शेवटी सांगतो. ती गोष्ट वेगळीच आहे.

तर सोबत एक सर्टिफिकेट होतं. सोनेरी किनार, लाल शिक्का. त्यावर लिहिलं होतं की या प्रतीवर कलाकाराने १९९६ साली स्वतःच्या हाताने सही केली आहे.

मी फ्रेम केली, भिंतीवर लावली, दोन आठवडे येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवली. मग एका मित्राने चहा पिता पिता सहज विचारलं, “अरे, पण कर्बी गेला कधी?” मी फोन काढला. ६ फेब्रुवारी १९९४.

म्हणजे साहेबांनी वर गेल्यावर दोन वर्षांनी खास माझ्यासाठी सही केली होती!

मग मी आजोबांचं पंचांग वाचायचं भिंग शोधून काढलं आणि त्या सहीवर धरलं. ठिपके. निळे, गुलाबी, पिवळे, काळे, बारीक बारीक ठिपके. खऱ्या पेन्सिलीच्या रेघेत असे ठिपके नसतात. शिसं कागदाच्या खडबडीत उंचवट्यांवर बसतं आणि प्रकाश तिरपा पडला की जरासं चमकतं. माझी सही चमकत नव्हती. ती चित्राबरोबरच छापलेली होती. ४७ हा आकडाही छापलेलाच. म्हणजे अशी प्रत ज्यांनी ज्यांनी घेतली, ते सगळेच ४७ नंबरचे मानकरी.

पैसे गेले ते गेले. पण ते भिंग हातात आल्यापासून मी एका प्रश्नात अडकलो. कॉमिकचं ‘ओरिजिनल’ म्हणजे नक्की काय असतं? आणि ते असतं कुणाचं? माझ्यासारख्या गिऱ्हाईकासाठी हा हौसेचा प्रश्न आहे. कर्बीसाठी तो आयुष्याचा प्रश्न झाला होता.

कर्बी कोण, ते पटकन सांगतो. जन्म २८ ऑगस्ट १९१७, न्यू यॉर्कच्या लोअर ईस्ट साइडमध्ये, ऑस्ट्रियाहून आलेल्या गरीब ज्यू कुटुंबात. खरं नाव जेकब कुर्ट्झबर्ग. जो सायमनबरोबर त्याने कॅप्टन अमेरिका उभा केला. पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर कॅप्टन हिटलरच्या जबड्यावर ठोसा मारतोय, आणि हा अंक बाजारात आला तेव्हा अमेरिका अजून युद्धात उतरलेलीही नव्हती. नंतर कर्बी स्वतः सैन्यात गेला, १९४४ मध्ये फ्रान्समध्ये लढला, आणि थंडीने पाय गोठून परत आला. पुढे १९६१ पासून स्टॅन लीबरोबर फँटॅस्टिक फोर, हल्क, थॉर, एक्स-मेन, ॲव्हेंजर्स, ब्लॅक पँथर. तुम्ही मल्टिप्लेक्समध्ये पॉपकॉर्न खात जे जे पाहिलंत, त्यातलं निम्मं या माणसाने लाँग आयलंडच्या घराच्या तळघरात, बहुतेक रात्री जागून, पेन्सिलीने काढलेलं आहे.

आता पानाकडे येऊ. छापलेलं कॉमिक आपण पाहतो, पण मूळ पान दिसायला अगदी वेगळं असतं. एक तर ते मोठं असतं. १९६७ च्या सुमारापर्यंत मार्व्हलचं एक पान साधारण साडेबारा बाय साडेअठरा इंच जागेत काढलं जायचं आणि छापताना लहान व्हायचं. नंतर तो आकार दहा बाय पंधरा झाला. म्हणजे कुणी १९६४ चं कर्बीचं पान म्हणून दहा बाय पंधराचा कागद पुढे केला, तर तिथेच थांबायचं. दुसरं, ते काळं-पांढरं असतं. रंग वेगळ्या कागदावर, वेगळ्या माणसाने दिलेले असत. आणि तिसरं, ते एका माणसाचं नसतं. कर्बी पेन्सिलीने काढायचा. त्यावर दुसरा कलाकार शाई फिरवायचा. जो सिनॉटसारखा असला तर पान झळाळून उठायचं, आणि विन्स कोलेटासारखा घाईतला असला तर मागच्या गर्दीतली माणसं, इमारती खोडून मोकळा व्हायचा. (कर्बीचे चाहते कोलेटावर आजही दात ओठ खातात. मी तटस्थ आहे. त्याला डेडलाइन होती.) संवाद लिहिणारा तिसरा, तोही त्याच पानावर फुगे काढून अक्षरं काढायचा. चुका झाल्या की पांढऱ्या रंगाचा थर. चिकटवलेल्या पट्ट्या, डिंकाचे पिवळे डाग, मागे कॉमिक्स कोडचा शिक्का.

भिंगाखाली हे सगळं दिसतं. पण मला सगळ्यात जास्त धक्का दिला तो समासाने.

समास म्हणजे आपल्या वहीत डावीकडे सोडतो तो. मार्व्हलमध्ये कामाची पद्धत अशी होती की आधी संवाद लिहिलेले नसत. कधी थोडी चर्चा व्हायची, कधी फोनवर चार वाक्यं, कधी तेही नाही. त्यावरून कर्बी अख्खी वीसेक पानांची गोष्ट चित्रांत रचायचा: कोण कुठे जातो, कोण कुणाला मारतो, शेवट काय. मग ती पानं स्टॅन लीकडे जायची आणि तो संवाद भरायचा. आता ली हा काही मनकवडा नव्हता. म्हणून साधारण १९६४ पासूनच्या पानांच्या समासात कर्बीच्या हाताने पेन्सिलीने लिहिलेलं दिसतं: इथे हा असं म्हणतोय, तो रागावलाय, हे यंत्र अमुक काम करतं. छापताना समास कापला जायचा. वाचकाला ती अक्षरं कधी दिसलीच नाहीत. छापलेल्या अंकात नाव यायचं ‘लेखक स्टॅन ली, चित्रं जॅक कर्बी’. आणि मूळ पानाच्या कडेला चित्रकाराच्या हस्ताक्षरात कथा बसलेली!

सिल्व्हर सर्फरचं उदाहरण बघा. १९६६ मध्ये फँटॅस्टिक फोरच्या ४८व्या अंकात गॅलॅक्टस नावाचा ग्रह गिळणारा राक्षस येतो. पानं हातात आली तेव्हा लीला त्यात सर्फबोर्डवर उभा असलेला एक चंदेरी माणूस दिसला, ज्याच्याबद्दल दोघांचं काहीच बोलणं झालं नव्हतं. एवढ्या मोठ्या देवाला एखादा दूत हवाच, असं कर्बीला वाटलं होतं. आणि सर्फबोर्ड का? तर अवकाशयानं काढून काढून कंटाळा आला होता. ही गोष्ट लीने स्वतः जाहीरपणे सांगितली आहे.

पण नेहमीच असं गोडीगुलाबीने व्हायचं नाही. १९६७ चे ६६ आणि ६७ नंबरचे अंक घ्या. काही शास्त्रज्ञ एका कोशातून परिपूर्ण माणूस निर्माण करतात, अशी गोष्ट. समासातल्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासकांचं म्हणणं असं की कर्बीचे शास्त्रज्ञ दुष्ट नव्हते. चांगल्या हेतूने काम करणारे होते, आणि त्यांनी निर्माण केलेला जीव त्यांच्या मर्यादा ओळखतो, असा त्याचा रोख होता. संवादांत मात्र ते सरळ जगावर राज्य करू पाहणारे खलनायक झाले. चित्रं तीच, गोष्ट दुसरी. हे छापील अंकावरून कळायला काहीच मार्ग नाही. मूळ पान हातात असेल तरच कळतं.

इथे एक सांगतो. स्टॅन लीला व्हिलन करायची सध्या फॅशन आहे, ती मला पटत नाही. ते टपोरी, घरगुती भांडणासारखे संवाद त्याचे होते, आणि त्यांच्याशिवाय हे अंक इतके चालले नसते. पण श्रेयाच्या भांडणात एकाकडे संपादकाची खुर्ची होती आणि दुसऱ्याकडे फक्त पानाची कडा. आणि ते पानही त्याच्याकडे नव्हतं.

मग पानं होती कुठे?

आमच्या घरी बाबांचा इंद्रजाल कॉमिक्सचा गठ्ठा होता. वेताळ, मँड्रेक. एका मे महिन्यात तो रद्दीत गेला, किलोच्या भावाने. बाबा अजून आईला ऐकवतात. अमेरिकन प्रकाशकांची मूळ चित्रांबद्दलची भावना अनेक वर्षं साधारण तीच होती. पान छापलं, काम झालं, रद्दी. डीसी कंपनीत तर जुनी पानं कापून फेकत असत. शाळकरी वयाची मुलं कंपनी बघायला जायची आणि कचऱ्यात जाणारी पानं उचलून आणायची. त्यातली काही मुलं पुढे स्वतः लेखक झाली. मार्व्हलने पानं फेकली नाहीत, गोदामात ठेवली. पण ठेवली म्हणजे जपली असं नाही. काही पानं भेट म्हणून वाटली गेली, पुष्कळशी गहाळ झाली, आणि त्यातली बरीच सरळ चोरीला गेली, असं या क्षेत्रातले बहुतेक लोक मानतात.

१९७० च्या दशकात हवा बदलली. नील ॲडम्ससारख्या चित्रकारांनी आवाज उठवला की आम्ही छपाईचा हक्क विकलाय, कागद नाही. मार्व्हलने नव्या कामाची पानं परत द्यायला सुरुवात केली, पेन्सिलवाला आणि शाईवाला यांच्यात वाटणी करून. जुन्या पानांची यादीही केली. उरला प्रश्न १९६० च्या दशकाचा, म्हणजे मुख्यतः कर्बीचा.

१९८४ मध्ये जुनी पानं परत देण्यासाठी कंपनीने कलाकारांना एक पानाचा फॉर्म पाठवला. सही करा, पानं घ्या. कर्बीला वेगळा फॉर्म आला. चार पानांचा. त्यातल्या अटी वाचताना मला आपली जुनी पागडीची करारपत्रं आठवली. पानं तुमच्या ताब्यात देऊ, पण ती विकायची नाहीत, जाहीर प्रदर्शनात मांडायची नाहीत, प्रती काढायच्या नाहीत, या पात्रांवर तुमचा काहीही हक्क नाही हे मान्य करायचं, आणि दुसरा कुणी हक्क सांगत असेल तर त्याला मदतही करायची नाही. या सगळ्याच्या बदल्यात किती पानं? ८८. जेमतेम चार अंकांची. कर्बीने मार्व्हलसाठी काढलेल्या पानांचा अंदाज दहा ते तेरा हजारांचा आहे.

कंपनीची बाजू अशी की हे सगळं काम ठेक्याने करून घेतलं होतं. त्या काळात चेकच्या मागे मजकूर छापलेला असायचा: चेक वटवला की सगळे हक्क कंपनीला दिले. घरात बायको-मुलं, भाड्याची तारीख जवळ. चेकच्या मागचं वाचून कोण परत पाठवणार?

कर्बी तेव्हा सदुसष्ट वर्षांचा होता. त्याने सही केली नाही. आणि गंमत बघा, गंमत म्हणजे कडवट गंमत, त्याच काळात कॉमिक कन्व्हेन्शनमध्ये कर्बीची मार्व्हलची पानं टेबलावर विकायला दिसत होती. ज्याने काढली त्याला ती मिळत नव्हती, आणि बाकी कुणालाही पैसे टाकले की मिळत होती. त्या पानांचे पहिले संग्राहक कोण होते, ती त्यांच्यापर्यंत कशी आली, हा प्रश्न तेव्हा फारसा कुणी विचारला नाही. अजूनही कमीच विचारतात.

मग गोष्ट बाहेर फुटली. द कॉमिक्स जर्नल या मासिकाने ती लावून धरली. १९८६ मध्ये कलाकारांनी सह्यांचं निवेदन काढलं. फ्रँक मिलर, ॲलन मूर यांच्यासारखी तेव्हाची सगळ्यात गाजणारी माणसं कर्बीच्या बाजूने बोलली. शेवटी १९८७ मध्ये कर्बीने बऱ्याच सौम्य केलेल्या फॉर्मवर सही केली आणि त्याच्या घरी सुमारे १,९०० पानं आली. मला हा आकडा पहिल्यांदा वाचताना विजय वाटला. मग मी भागाकार केला. पाचातलं एक पानसुद्धा नाही.

तो आणि त्याची बायको रोझ यांनी त्यातली पानं पुढे विकली. हे ऐकून नाक मुरडणारे आहेत, ‘एवढं भांडला आणि विकलीच ना’. अहो, विकता यावीत म्हणूनच तर भांडला!

हक्कांचं भांडण त्याच्यानंतरही चालू राहिलं. २००९ मध्ये, डिस्नेने मार्व्हल चार अब्ज डॉलरला घेतली त्याच वर्षी, कर्बीच्या मुलांनी कॉपीराइट परत मागणाऱ्या नोटिसा पाठवल्या. खालच्या कोर्टात हरले, वरच्या कोर्टात हरले. सुप्रीम कोर्ट प्रकरण ऐकायचं की नाही हे ठरवणार, त्याच्या अगदी तोंडावर, सप्टेंबर २०१४ मध्ये तडजोड झाली. रक्कम गुप्त. पण तेव्हापासून मार्व्हलच्या अंकांत नाव ठळक यायला लागलं: निर्मिती स्टॅन ली आणि जॅक कर्बी. मेल्यावर वीस वर्षांनी.

आता बाजाराचा अंदाज यावा म्हणून एकच आकडा. हा कर्बीचा नाही, माइक झेकच्या १९८४ च्या एका पानाचा आहे, ज्यात स्पायडरमॅनचा काळा पोशाख येतो. जानेवारी २०२२ मध्ये हे एक पान डलासच्या हेरिटेज ऑक्शन्समध्ये ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं. तेव्हाच्या भावाने २५ कोटी रुपये. एक पान! याच्या उलट दुसरं टोकही आहे. २००८ मध्ये एका अनामिक माणसाने स्पायडरमॅनच्या पहिल्या कथेची, स्टीव्ह डिटकोने काढलेली मूळ पानं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला फुकट देऊन टाकली. त्या अंकाची सगळी, चोवीसच्या चोवीस. आज कुणीही जाऊन विनंती करून बघू शकतो. नाव नाही, फोटो नाही, भाषण नाही. मला तो माणूस भेटला तर मी पाया पडेन.

बरं, ब्रह्मदेव राहिला.

रॉजर झेलाझनीची लॉर्ड ऑफ लाइट नावाची कादंबरी आहे, १९६७ ची. दूरच्या एका ग्रहावर गेलेली माणसं तंत्रज्ञानाच्या जोरावर हिंदू देवांची रूपं घेऊन बसतात: ब्रह्मा, यम, काली. १९७० च्या दशकाच्या शेवटी बॅरी गेलर नावाच्या निर्मात्याने तिच्यावर सिनेमा काढायचं ठरवलं, वर कोलोरॅडोमध्ये त्याच सेट्सची एक अख्खी जत्राही उभारायची होती. नगरं, महाल, नियंत्रण कक्ष यांची चित्रं काढायला सांगितलं कर्बीला. शाई माइक रॉयरची. सिनेमा बुडाला. पण पटकथा आणि कर्बीची चित्रं सीआयएच्या हाती लागली. इराणमध्ये अडकलेल्या सहा अमेरिकन अधिकाऱ्यांना सोडवायला टोनी मेंडेझ हा गुप्तहेर ‘आम्ही सिनेमासाठी लोकेशन बघायला आलोय’ असं सोंग घेऊन तेहरानला गेला. सिनेमाचं खोटं नाव ‘आर्गो’. बॅगेत पुरावा म्हणून कर्बीचे देव. जानेवारी १९८० मध्ये सगळे सुखरूप विमानात बसले. सीआयएने ही हकिकत १९९७ मध्ये खुली केली. तोवर कर्बीला जाऊन तीन वर्षं झाली होती. स्वतःच्या ब्रह्मदेवाने सहा जणांची सुटका केली, हे त्याला कधीच कळलं नाही. बेन ॲफ्लेकचा २०१२ चा आर्गो तुम्ही पाहिला असेल, ऑस्करवाला. त्यात कर्बी दोन मिनिटं दिसतो.

तर माझ्या भिंतीवर जे आहे ते या चित्राच्या कुठल्यातरी स्कॅनची नक्कल.

मेसेजमध्ये तुम्ही हमखास विचारणार, की मग आमच्यासारख्यांनी काय घ्यायचं? लाखो डॉलर नाहीत, मान्य. मी आता काय करतो ते सांगतो. २०१० पासून अमेरिकेत ‘आर्टिस्ट्स एडिशन’ नावाची पुस्तकं निघतात. मूळ पान रंगीत स्कॅन करून मूळ आकारातच छापतात, काळं-पांढरं असूनही रंगीत, म्हणजे पेन्सिलीच्या खुणा, पांढरा रंग, डिंकाचे डाग, समास, सगळं दिसतं. कर्बीच्या न्यू गॉड्सचं असं पुस्तक आहे. महाग आहे, आम्ही चौघांनी मिळून घेतलं, दर तीन महिन्यांनी घर बदलतं. १९७० नंतर कर्बी शाईला पाठवण्याआधी आपल्या पेन्सिल पानांच्या झेरॉक्स काढून ठेवायचा, त्यातल्या पुष्कळ ‘द जॅक कर्बी कलेक्टर’ या नियतकालिकात छापल्या गेल्यात. आणि त्याच्या नावाचं एक म्युझियम जगभरच्या संग्राहकांकडून मूळ पानांचे स्कॅन गोळा करतंय. ज्यांच्याकडे पानं आहेत ते पाठवतात. विखुरलेली दहा हजार पानं, निदान फाइलमध्ये तरी, एकेक करून परत येतायत.

प्रिंट घ्यायचीच असेल तर घ्या, पण प्रिंट म्हणून घ्या, आणि प्रिंटच्या किमतीला. सही असेल तर फोनचा मॅक्रो कॅमेरा तिच्यावर धरा, ठिपके शोधा. कलाकार जिवंत होता का ते आधी बघा. आणि कुणी मूळ पान विकत असेल तर ‘खरं आहे का’ याच्या आधी ‘तुमच्याकडे कुणाकडून आलं, आणि त्यांच्याकडे कुणाकडून’ हे विचारा. विक्रेता चिडला, तर समजून जा.

माझी ४७ नंबरची प्रिंट अजून भिंतीवर आहे. चित्र चांगलंच आहे हो, त्यात कर्बीचा काय दोष? फक्त शेजारी ते सर्टिफिकेटही फ्रेम करून लावलंय, १९९६ या आकड्याभोवती लाल पेनने गोल करून. हल्ली पाहुण्यांना मी तेच आधी दाखवतो.

तुमच्याकडे अशी एखादी खोटी सही असेल तर फोटो पाठवा. भेटू पुढच्या रविवारी.